बापाची हाक आणि काळं कुत्रं

आमच्या केंद्राच्या नावात ‘शीघ्र’ असा शब्द आहे. लहान मुलांमधली उणीव लवकर ओळखायची आणि लवकर कामाला लागायचं, असा त्याचा अर्थ. ज्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही अशा मुलांसोबत मी दिवसभर फरशीवर बसून ताटल्या वाजवते, बाहुल्यांना जेवू घालते. राहते सांगलीत आणि आठवड्यातून एकदा एसटीने कवठे महांकाळला जाते. तिथे आम्हाला एक खोली दिली आहे. खोलीतला पंखा फिरला की मुलं माझ्याऐवजी त्याच्याकडेच बघतात, म्हणून मी तो बंद ठेवते आणि घामाघूम होऊन सगळ्यांवर चिडते.

त्या खोलीत एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. घर मेंढपाळाचं, वस्ती गावाबाहेर माळावर. मुलगी चारेक वर्षांची, पण एक शब्द बोलत नव्हती. बाप पण उशिराच बोलायला लागला होता, असं घरचे म्हणत. आईला ते पटत नव्हतं. हातातून पातेलं पडलं तरी पोर दचकत नाही, एवढं तिने हळूच सांगितलं. तपासणीला सांगलीला यायला मात्र नवरा तयार नव्हता. मुलीला ऐकू येतं हे तो रोज डोळ्यांनी बघत होता.

मग मीच वस्तीवर गेले. मला वाटलं होतं, माणूस अंगावर येईल, पण त्याने घोंगडं अंथरलं, चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, “आवं म्याडम, हितनं हाळी दिली की पार त्या टोकाची पोर वळती. भैरी कशी आसंल?”

आणि त्याने हाक मारली. दूर मेंढरांपाशी पाठमोरी बसलेली मुलगी वळली, हसली आणि धावत आली. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी अर्धा कप चहा मागून घेतला.

पण तिच्या पुढे काळं कुत्रं धावत आलं होतं. मघाशी ते तिच्या उजवीकडे खेटून बसलेलं आणि तिचा हात त्याच्या पाठीवर होता. कळपाचं कुत्रं ते, मालकाच्या आवाजावर वाढलेलं. हाक आली की ते ताडकन उठून मालकाकडे तोंड करणार आणि कुत्रं वळलं की मुलगी वळणार. माळावर ती दोघं कधी वेगळी नसायचीच, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

मी आईला कुत्रं खोपटामागे बांधून यायला सांगितलं. मुलगी पुन्हा पाठ करून खडे मांडत बसली. बापाने हाक मारली. मग थोडं जवळ जाऊन मारली. मग अगदी तिच्या पाठीशी उभा राहून त्याने होता नव्हता तेवढा आवाज काढला. खोपटामागे कुत्रं दाव्याला हिसके देत भुंकत राहिलं. मुलीने आणखी एक खडा ओळीत ठेवला.

तो तिथेच खाली बसला. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला माझ्या कामाची चीड आली.

मग सांगलीच्या फेऱ्या झाल्या, तपासण्या झाल्या, कानाची मशीन मिळाली. भाषा रुजायची वर्षं थोडी असतात. ती निघून गेली की मशीन लावूनही कानात नुसता गलका शिरतो. म्हणून मी घाई करत होते. तेवढ्यात दिवाळी आली आणि दिवाळी झाली की त्यांची मेंढरं कोयनेकडे निघतात. मायलेकींना मागे ठेवा म्हणून मी खूप वाद घातला. पण घोड्यावर बिऱ्हाड लादणं, कोकरं सांभाळणं, भाकरी थापणं हे सगळं आईवर, ती मागे राहणार कशी? मी मशीनचे सेल दिले, पोरीशी सतत बोलत राहा म्हणून बजावलं. पुढे फोन लागेनासा झाला.

पावसाच्या तोंडावर मेंढरं माघारी आली. या वेळी मुलीला घेऊन बाप आमच्या खोलीवर आला होता. मशीन फडक्यात गुंडाळलेली, जशीच्या तशी. नदीत पडेल, काट्यात अडकेल म्हणून आईने ती जपून ठेवली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

“घाटात बिबट्यानं कुत्रं न्हेलं,” तो म्हणाला. “त्ये हुतं तवर पोर माजी हाक ऐकत हुती.”

मी नवे सेल घालून मशीन तिच्या कानांना लावली आणि त्याला मागे उभं राहून हाक मारायला सांगितलं. ही कचेरी आहे हे ओळखून त्याने बेतानेच मारली.

फरशीवर बाहुलीशी खेळणाऱ्या मुलीचा हात थबकला. आवाज पोचला होता. तिने उजवीकडे खाली बघितलं, रिकाम्या फरशीवर हात ठेवला आणि थांबली. बापाने पुन्हा हाक मारली. ती फरशीकडेच बघत राहिली.