मारोतीभाऊंनी रिमोट भिरकावला

मंडळी, साहसी गेम बटणांवरच खेळावेत, हात हलवून खेळणं म्हणजे माकडचाळे, असं मी इथे छातीठोकपणे लिहिलं होतं. आज सिंदेवाहीत, माझ्याच घरात, माझं नाक कापलं गेलं.

मासोळी द्यायला आलेले आमचे मासेमार मारोतीभाऊ टीव्हीसमोर थबकले. गेममधला नायक तळ्यावर मासे पकडत होता. मी त्यांना बटणांचा कंट्रोलर दिला, तर त्यांची जाड बोटं एकदम तीन बटणं दाबायची. मग माझ्या मुलीने हात हलवायचा रिमोट दिला. भाऊंनी कंबर वळवून झोकात हात फिरवला आणि जाळं फेकताना उघडतात तशी मूठ उघडली. रिमोट थेट टीव्हीवर!

काच वाचली, पण भाऊंचा चेहरा उतरला. "आपल्याले नाई जमत हे," म्हणत ते टोपली उचलू लागले.

मुलीने रिमोट पाहिला. "बाबा, याची मनगटाची दोरी कुठी हाय?"

अडचण होते म्हणून मीच काढून ठेवल्याचं मी कबूल केलं.

"काऊन काढली जी?" भाऊ एकदम खुलले. "जाळ्याची दोरी मनगटाले बांधल्याबिगर आम्ही फेकतच नाई!" टोपली खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला. "बांध वं पोरी."

आत्ता तिसरा मासा धरलाय त्यांनी. बटणवाल्यांनो, दोरी काढून मग रिमोटला नावं ठेवणारे माझ्यासारखे आणखी कोण कोण आहेत?