चौतिसावं पान

कबनूरच्या विहाराला लागून असलेल्या खोलीत दादासोनं वाचनालय काढलं ते एक्क्याण्णव साली. दिवसपाळीला माग चालवायचा आणि संध्याकाळी खोली उघडायची. मिळतील तिथून जुनी पुस्तकं आणून मागाच्या सुतानं शिवायची, तुटलेला धागा जोडताना मारतात तसली बारीक गाठ मारायची, मग शिक्का. एक पहिल्या पानावर, दुसरा छप्पन्नाव्या. धर्मांतराचं साल म्हणून छप्पन्न. पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं, म्हणून हा आतला शिक्का. त्याचं पान दादासोनं फक्त धम्मपालला सांगितलं होतं. दोघं शाळेपासूनचे. खोलीची दुसरी किल्लीही धम्मपालकडेच असायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर पुस्तकं आटू लागली. एक दिवस इचलकरंजीतल्या रद्दीवाल्या गणपतरावांनी दादासोला हाक मारली.

"अवो, हे तुमचं काय बघा की."

पहिलं पान नव्हतं. दादासोनं छप्पन्नावं शोधलं, तर तेही फाडलेलं. शिवण मात्र त्याचीच, गाठीसकट.

"कोण घालतंय?"

"रिक्षातनं पोतं येतंय. नाव इचारत बसलो तर धंदा कवा करू?"

दादासोला आठवलं, छप्पन्न फक्त धम्मपालला ठाऊक. पण त्यानं मनाची समजूत घातली. बारा वर्षांत वाचता वाचता कुणाच्याही नजरेला शिक्का पडला असेल.

दुसऱ्या दिवशी धम्मपाल चहाला आला.

"कपाटं मोकळी दिसाय लागलीत गड्या. रविवारच्या विहाराच्या सभेत इचारतील, पुस्तकं न्हाईत तर खोली कशाला अडवलीया? भाड्यानं देऊया म्हणतील."

"चोर हुशार हाय, धम्मा. आतला शिक्का मी आता चौतिसाव्या पानावर मारतोय. तुलाच सांगतोय."

"बेस केलंस." धम्मपालनं बशीतला चहा एका घोटात संपवला.

त्या रात्री दादासोला झोप लागली नाही. आपण कुणाला जाळ्यात धरायला निघालोय, याचीच त्याला भीती वाटत होती. नव्यानं शिवलेल्या तीन पुस्तकांच्या चौतिसाव्या पानावर त्यानं शिक्का मारला आणि ती कपाटात ठेवली. वाचकांना अजून दिली नव्हती.

शनिवारी त्यातलं एक गणपतरावांच्या ढिगात सापडलं. पहिलं पान गेलेलं. छप्पन्नावं जागेवर. चौतिसावं मुळापासून फाडलेलं.

संध्याकाळी धम्मपाल वाचनालयात आला, तेव्हा दादासोनं ते पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. धम्मपालनं ते उघडलंही नाही.

"चौतीस तुला एकट्याला सांगितलंतं," दादासो म्हणाला.

"पोराला दुकान काढायचंय, दादा." धम्मपालचा आवाज अगदी शांत होता. "हितं वाचाय येतंय कोण? तू आणि मी."

"उद्या सभेत सांगतो समद्यास्नी."

"सांग की. खोली त्याला द्यायच्या सह्या परवाच झाल्यात. तुझीच ऱ्हायलीया."

दादासोनं सुई ओवली आणि फाटक्या पुस्तकाची सुटलेली शिवण ओढून घट्ट केली. बारीक गाठ मारली. मग उरलेल्या पानांतल्या पहिल्यावर त्यानं शिक्का दाबला.

बाहेर कुणीतरी दाराची रुंदी टेपनं मोजत होतं.

"साडेतीन फूट," आवाज आला. "शटर बसंल."