आनेकलची आफ्रिका

माझे सासरे ज्योतिबा पाटील फौजेत होते आणि फौजेकडून सोमालियाला जाऊन आले, हे बेंगळुरूतल्या आमच्या के. आर. पुरमच्या अपार्टमेंटमध्ये पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. लिफ्टमध्ये कुणी "आज फार उकडतंय" म्हटलं की अण्णा सुरू: "हे कसलं उकडणं? आफ्रिकेत आमच्या टँकरच्या बॉनेटवर अंडं भाजायचं!" नळाला पाणी नसलं की आफ्रिका, आंब्यांवर माश्या बसल्या की आफ्रिका. आमच्या शोकेसमध्ये एक लाकडी जिराफ आहे आणि खुंटीवर शांतिसेनेची विटलेली निळी टोपी. त्या टोपीला कुणी हात लावलेला अण्णांना चालत नाही. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्राबाई, तिच्यावर खुशाल ओलं फडकं वाळत घालतात.

गेल्या जानेवारीत आमच्या असोसिएशनला परदेशात सेवा केलेल्या माजी सैनिकांचा सत्कार करायची हुक्की आली. सेक्रेटरी विद्याधरकाका मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. हा माणूस सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा तीन कोटेशनं मागवेल. "तुमच्यावर अविश्वास नाही हो," ते अण्णांना म्हणाले, "पण फाइलला काहीतरी लागतं."

अण्णांनी रुबाबात ट्रंक उघडली आणि डिस्चार्ज बुक काढून दिलं. फौज सोडताना मिळालेलं ते पुस्तक त्यांनी कपाळाला लावून जे आत ठेवलं होतं, ते बाहेर आलं फक्त पहिल्या पानाच्या झेरॉक्सपुरतं. देव्हाऱ्यातली पोथी कुणी चुका काढायला उघडतं का? काकांनी मात्र चष्मा लावला आणि पानन् पान वाचलं.

"त्र्याण्णव-चौऱ्याण्णव... इथे तर 'डेपो, बँगलोर' लिहिलंय. सोमालिया कुठेच नाही."

अक्का कॉफीचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी काकांना कॉफी दिली, मला दिली, आणि अण्णांचा पेला पुन्हा ट्रेमध्ये ठेवला.

"बेंगळूर म्हंजे हेच की? संध्याकाळी बसात बसलं की सकाळी आपल्या गावी, निपाणीला?"

"अगं, लिहिणाऱ्यानं चूक केली आसंल!"

"आसंल की," अक्का म्हणाल्या आणि पेल्यासकट आत गेल्या.

त्या दिवसापासून अण्णांचं नाव 'डेपोवाले' पडलं. "प्रणिता, डेपोवाल्यांना जेवायला हाक मार." "डेपोवाले, गॅसचा नंबर लावा." अण्णांनी जिराफ पुरावा म्हणून पुढे केला, तर अक्का म्हणाल्या, "आसले चन्नपट्टणच्या खेळण्यांत ढिगानं मिळत्यात." मी पोट धरधरून हसले. सून म्हणून गंभीर राहायला हवं होतं, पण आमच्या घरात इतकी करमणूक लग्नानंतर पहिल्यांदाच होत होती.

माझं हसू थांबलं ते अवरेकाळू सोलताना. जानेवारीत बेंगळुरूच्या प्रत्येक घरात या शेंगांचा ढीग पडलेला असतो आणि सोलणाऱ्यांच्या तोंडून नको ते बाहेर येतं. त्या दिवशी अक्कांच्या तोंडून आलं. योगीराज, म्हणजे माझा नवरा, चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये निपाणीजवळच्या गावी जन्मला. अण्णा तेव्हा नव्हते. पत्रं येत, पण फौजेच्या पत्रावर गावाचं नाव कधी नसतंच. नुसता एक टपालाचा नंबर. बाळंतिणीच्या खोलीत अक्कांच्या जाऊबाई हेमलता आल्या आणि म्हणाल्या, "माझा फौजेतला भाऊ सुट्टीवर आलाय. बेंगळूरच्या डेपोत सगळे हसत्यात म्हणे, की ज्योतिबा पाटील दर रविवारी एका बाईबरोबर फिरतोय. चिक्कपेटेत बांगड्यापण घेऊन दिल्या तिला."

"मग तुम्ही अण्णांना विचारलं नाहीत?"

"विचारलं आणि 'व्हय' म्हणाले आसते तर?" अक्कांनी एक शेंग इतक्या जोरात दाबली की दाणा थेट पंख्याला लागला. "भाऊ काय त्यांचं तोंड ओळखत नव्हता, नुसतं नाव ऐकून आला होता. म्हणून मी मनाला सांगितलं, खोटं आसंल. इतकी वर्षं सांगत आले. आता पुस्तकातच लिहून आलंय बघ."

मला त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. एवढी जीभ असलेली बाई, आणि हे एक वाक्य तिला तीस वर्षं बोलता आलं नाही! कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. अण्णांना आता बुकात आफ्रिका हवी होती ती सत्कारासाठी, मला हवी होती अक्कांसाठी. मी त्याच रात्री अर्ज टाइप केला.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर उन्हाळ्यात आलं. त्यात लिहिलं होतं की त्या मुदतीची परदेशसेवा ज्योतिबा पाटील यांच्या नावावर रीतसर नोंदलेली आहे; मात्र ते ज्योतिबा पाटील आपण नव्हेत. खाली दुसराच नंबर होता.

अण्णांनी तो नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "चौसष्ट!"

फौजेत एका नावाचे दोघे-चौघे निघाले की नंबरचे शेवटचे दोन आकडे हेच त्यांचं नाव. मग नाव कुणी घेतच नाही. अण्णा होते सव्वीस. त्यांच्या लग्नातल्या पलटणीच्या आहेरावरसुद्धा 'सव्वीस यांस' असंच लिहिलं होतं. चौसष्टही ज्योतिबा पाटीलच, चिकोडीकडचा. सव्वीस आफ्रिकेला गेला, चौसष्ट डेपोत राहिला आणि तिथे एकटाच उरल्यामुळे पुन्हा 'ज्योतिबा पाटील' झाला. शिपायांत गोंधळ व्हायचं कारणच नव्हतं. पण ऑफिसात एक नवा कारकून आला, त्याला ही पद्धत ठाऊक नव्हती. त्यानं आकडे विचारले नाहीत, नाव विचारलं, आणि याची आफ्रिका त्याला देऊन टाकली.

पलटणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अण्णांनी विचारलं, "चौसष्ट कुठाय?" दहा सलाम, चार गुलाबाची फुलं आणि एक सुविचार यांच्यामधून उत्तर आलं: आनेकल. म्हणजे बेंगळुरूच्या वेशीवरचंच गाव.

रविवारी मी दोघांना गाडीत घातलं. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत तर माझा रोजचाच रस्ता. अण्णा पुढे बसून प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठ करत होते. अक्का मागे, इस्त्रीचं लुगडं नेसून, तोंड शिवल्यागत बसल्या होत्या.

आनेकलच्या बसस्टँडपाशी पत्ता विचारावाच लागला नाही. समोरच बोर्ड होता: 'आफ्रिका मिलिट्री हॉटेल'. बेंगळुरूकडे मटण आणि मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, देणाऱ्या खाणावळीला मिलिट्री हॉटेल म्हणतात, त्यात नवल नाही. पण या बोर्डावर एक जिराफ होता, एक सिंह होता, आणि सिंहाच्या डोक्यावर निळी टोपी होती.

आत गल्ल्यावर मिशाळ गृहस्थ मोडक्या कन्नडात गिऱ्हाइकांना गोष्ट सांगत होते. कन्नड आम्हा तिघांनाही येतं. टँकर वाळूत रुतलेला, पाणी संपलेलं, आणि तेवढ्यात समोर सिंह! अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टँकर त्यांचा होता, वाळू त्यांची होती. परत आल्यावर बराकीत त्यांनीच ही गोष्ट चौसष्टला सांगितली होती. सिंह तेवढा त्यानं पदरचा घातला होता.

"सिंह नव्हता," अण्णा दारातूनच ओरडले. "उंट होता. तोही मेलेला!"

"तुम्ही गेला होता काय तिथं?" एका गिऱ्हाइकानं तुच्छतेनं विचारलं.

चौसष्टनं मान वर केली. त्याच्या मिशा आधी खाली आल्या, मग वर गेल्या. "सव्वीस! आयला, सव्वीस!" गल्ला उघडा टाकून तो धावत आला आणि दोघांनी अशी मिठी मारली की भांडायला आलोय हे अण्णा घटकाभर विसरलेच.

मुद्दे आले, मटण आलं, आणि अण्णांनी खिशातून प्रतिज्ञापत्र काढलं.

"सही कर. 'आफ्रिकेला मी गेलो नव्हतो, हा गेला होता,' असं लिहिलंय."

"सरकारनं स्वतःच्या हातानं लिहिलंय," चौसष्ट म्हणाला. "मी खोडायला सांगू? आणि माझ्या बोर्डाचं काय?"

"आयत्या बिळावर नागोबा! मी तिथं भाजून निघालो आणि हॉटेल तू काढलंस!"

"तू काढायचं होतंस की. तुला कोण नको म्हणालं?"

दोघांचा आवाज चढला तेव्हा अक्का मटणाची वाटी सरकवून बोलल्या. सकाळपासूनचं पहिलं वाक्य.

"भावजी, तुम्ही त्यावेळी बेंगळूरच्या डेपोत होता?"

"होतो, वैनी."

"मग दर रविवारी कुठं जात होता?"

चौसष्टनं घाबरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून डाव हातात घेऊन एक ठसठशीत बाई बाहेर आल्या. त्या त्याच्या बायको, शिवलीला.

"लालबाग!" त्या म्हणाल्या. "आणि कुठं? लग्नाच्या आदी मला भेटायला येत होते. एकदा चिक्कपेटेत हिरव्या बांगड्या घेऊन दिले. त्या पण स्वल्प लहान, हातातच जाईनात. आफ्रिका कसली अक्का, यांनी तवा म्हैसूर पण बघितलं नव्हतं!"

हॉटेलात सगळे हसले. अक्काही हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग तो पदर काही खाली येईना.

"काय झालं गं?" अण्णा गोंधळले.

"मिरची लागली," अक्का पदराआडून म्हणाल्या.

काय लागलं होतं ते तिथं फक्त मला ठाऊक होतं. मीही नाक पुसून मिरचीवरच ढकललं. शिवलीलाबाईंनी अक्कांपुढे ताक ठेवलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "सिंहाला भ्याला नाही, आणि सहीला भिताय होय? करा सही."

चौसष्टनं सही केली. बोर्ड उतरवायचा नाही, एवढी एकच अट घातली.

"राहू दे बोर्ड," अण्णा म्हणाले. "पण तो सिंह काढ."

"सिंह काढला तर मटण कोण खाईल रे?"

दुरुस्त झालेलं बुक घरी यायला दिवाळी उजाडली. सत्कार केव्हाच उरकला होता. विद्याधरकाकांनी तरीही साक्षांकित प्रती मागून घेतल्या, पुढच्या वर्षीच्या फाइलला. अण्णा बुक घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि अक्कांसमोर उघडून धरलं. "हे बघ. सोमालिया. आता तरी डेपोवाले म्हणू नको."

"मला कशाला दाखवताय? माझं काम आनेकलातच झालं."

"मग मला एवढे महिने पळवलंस कशाला?"

"मी तीस वर्षं पळाले. तुम्ही एक पावसाळा पळाला तर बिघडलं कुठं?"

आणि मग अक्कांनी सगळं सांगितलं: बाळंतिणीची खोली, जाऊबाईंचा भाऊ, रविवार, बांगड्या. अण्णा ओट्याला टेकून ऐकत राहिले. त्यांना आफ्रिकेतलं काहीही आठवलं नाही, असं मी प्रथमच पाहत होते. मग ते म्हणाले, "एवढं मनात ठेवून माझ्याबरोबर संसार केलास?"

"करणार काय? योगी पाळण्यात होता. आणि तुम्ही आल्या आल्या त्याला निळी टोपी घातली. तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही, सोडायचाही झाला नाही."

अण्णांनी बुक फ्रिजवर ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

संध्याकाळी दोघं चिक्कपेटेतून परतले. अक्कांचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार होते. कॉफीसुद्धा न घेता त्यांनी माझ्याकडून गावी हेमलताबाईंना व्हिडिओ कॉल लावून घेतला आणि दोन्ही हात फोनपुढे धरून खळखळ वाजवले.

"बघा हो जाऊबाई, तुमच्या भावानं सांगितलेल्या बांगड्या. पोचायला जरा उशीर झाला."

"अगं बाई! कुणी घेतल्या?"

शेजारी अण्णा उभे होते, डोक्यावर निळी टोपी. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ज्योतिबा पाटलानं," त्या म्हणाल्या. "सव्वीस नंबरच्या."