फोटोसमोरची वाटी

पाठीवर एक सॅक टाकून थायलंडमध्ये फिरत होते. पैसे बेताचे, म्हणून सगळ्यात स्वस्त कुकिंग क्लास शोधला. तो एका म्हाताऱ्या बाईंच्या परसात चालायचा. पहिली वाटी नवऱ्याच्या फोटोसमोर जाईल, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. हिरवी करी उकळली तशी त्यांनी माझ्यापुढे चमचा धरला. मी नको म्हटलं. नैवेद्याआधी उष्टं करायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

"चाख," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "मीठ चुकलं की तो वाटी भिरकावतो."

"पण ते तर गेलेत ना?"

"हो. खूप वर्षं झाली."

मग त्यांनीच चाखलं, चिमूटभर मीठ घातलं, पुन्हा चाखलं. माणूस जाळून झाला तरी त्याची भीती रोज जेवायला घरी येते की काय, कोण जाणे.

बाईंनी वाटी फोटोसमोर ठेवली आणि चटकन मागे सरकल्या. ते सरकणं माझ्या ओळखीचं होतं. वडिलांच्या श्राद्धाचं पान ठेवून आईही अशीच मागे सरकते. आम्ही मुलं आजवर त्याला सोवळं समजत आलो.