इकबालभाईंची घुंगरं

इकबालभाई गेल्याचा फोन आला तेव्हा, खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता त्यांची माफी मागावी लागणार नव्हती... दीड महिना झाला, त्याची लाज अजून गेलेली नाही.

कसबा बावड्यातल्या त्यांच्या खोलीत स्पीकरसाठी तीन अॅम्प्लिफायर होते. खर्जाला एक, मधल्या सुरांना एक, बारीक सुरांना एक. सुरांची ही वाटणी करणारं सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, ते स्वतः बनवत. एक कपॅसिटर बदलायचा, ऐकायचं, पुन्हा काढायचा, यात त्यांची वर्षं गेली. परीक्षा ठरलेली होती. ऐकणाऱ्यानं डोळे मिटायचे. कधी स्पीकरवर घुंगरांचं रेकॉर्डिंग लागायचं, कधी कुणीतरी खरी घुंगरं हलवायचं. खरी कुठली ते ओळखू आलं, की क्रॉसओव्हर नापास. मी त्यांच्याकडं शिकायला लागलो तेव्हा माझा पहिलावहिला क्रॉसओव्हर त्यांनी चारचौघांत असाच नापास केला आणि बोर्ड कचऱ्याच्या डब्यात टाकला. "कान हायत का नुसती भोकं, धन्या?" लोक हसले. मी ते विसरलो नाही.

सत्तरी उलटली तसा त्यांचा स्पीकर आमच्या कानाला टोचू लागला. बारीक सूर त्यांना ऐकू येईनात, म्हणून ते वाढवत सुटले होते. हे त्यांना एकट्यात सांगता आलं असतं. पण गेल्या ईदला खोली पाहुण्यांनी भरली असताना मी म्हटलं, "आज तुमी डोळं मिटा, भाई." आणि बारीक सुरांच्या अॅम्प्लिफायरची वायर हळूच काढली. स्पीकरमधली घुंगरं गोणपाटात गुंडाळल्यासारखी वाजली. मग मी खरी हलवली.

"पयली खरी," भाई ठामपणे म्हणाले.

पाहुणे खो खो हसले. मी वायर उचलून दाखवली. "आता भोकं कुणाची, भाई?" त्यांनी शिरखुर्म्याची वाटी तेवढी माझ्यापुढं सरकवली. मी मिटक्या मारत खाल्ला. त्यानंतर त्या घरात पाऊल टाकलं नाही.

परवा गेलो. वायर तशीच सुटी होती, टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली. "मी म्हटलं, जोडा की," भाभी म्हणाल्या. "तर म्हनले, कशाला? मला एवढंच ऐकू येतंय." रोज ते तसंच ऐकत बसायचे... मग भाभींनी कपाटातून घुंगरं काढून माझ्या हातावर ठेवली.

"तुमच्यासाठी ठिवल्यात. साठी झाली की रोज हलवून बघ म्हणावं, असं सांगून गेल्यात."

साठीला मला चार वर्षं आहेत. घुंगरं टेबलावर असतात, रोज सकाळी हलवतो. काल बायकोला दोनदा विचारलं, आवाज आला का.