पायाळूचं हवामान

मी पायाळू. जगात येताना आधी डोकं न काढता पाय काढले, एवढाच माझा पराक्रम. पण आमच्या विदर्भातल्या आष्टीकडच्या भागात तो मला जन्मभर पुरला. कुणाच्या पाठीत उसण भरली की सकाळी सकाळी माणूस माझ्या दारात हजर. पायाळूने पाठीला पाय लावला की उसण पळते म्हणतात. मोठमोठे मिशीवाले बापे माझ्यापुढे पालथे पडायचे आणि मी मनापासून लाथ मारायची. खोटं कशाला सांगू, काहींना जरा जास्तच मनापासून.

तीच माणसं दुपारी आभाळ गडगडलं की माझ्यापासून दूर सरकायची. पायाळूवर वीज पडते, हेही त्यांना तेवढंच पक्कं ठाऊक होतं.

लग्नानंतर, सत्तरच्या त्या दशकात, मी बायांच्या टोळीबरोबर निंदणाला जायची. टोळीची म्होरकी वयाने मोठी होती, आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. बाई जिवाची चांगली. माझ्या भाकरीवर स्वतःच्या वाटणीची चटणी ठेवणारी. पण विजा चमकू लागल्या की बाया शेतातल्या झोपडीत शिरायच्या आणि मावशी हळूच म्हणायची, "तू तिकडं धुऱ्यावर बस ना वं माय. लेकराबाळाच्या बाया हायेत इथं." मग मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेताच्या बांधावर एकटी बसायची. राग यायचा, पण बसायची. मलाही वाटायचं, न जाणो, खरं असेल.

मला मुलगी झाली तीही पायाकडून. सुईण हळहळली. मी मात्र त्या बाजेवर पडल्या पडल्याच ठरवलं, ही पोरगी धुऱ्यावर बसणार नाही. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

लोकांच्या डोक्यातलं काढणं कठीण. म्हटलं, निदान वीज यायच्या आत टोळी घरी पोहोचली, तर कुणाला कुठे बसवायचा प्रश्नच उरणार नाही. आमच्याकडे म्हण आहे, पोळा अन् पाऊस झाला भोळा. या म्हणीवर विसंबून बाया बिनघोर असायच्या. पण माझा अनुभव उलटा. पोळ्यानंतरचा पाऊस थोडा पडतो आणि फार कडकडतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, आणि मग एकाएकी काळंकुट्ट.

घरी नवऱ्याने रेडिओ आणला होता. गाण्यांसाठी आणला, मी तो हवामानासाठी बळकावला. विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, असं रोज सांगायचे. आता हे तुरळक ठिकाण म्हणजे आमचं शेत की दुसऱ्या कुणाचं, ते कुणी सांगेना! तरी मी ऐकत राहिले. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. बंगालच्या समुद्रात कमी दाब झाला म्हणाले की आधी ओरिसा भिजायचा, मग रायपूर, मग भंडारा, नागपूर, आणि मग आम्ही. मी रायपूरची बातमीही लावू लागले. स्वयंपाक करता करता माझ्या डोळ्यांपुढे अर्धा देश असायचा आणि त्यावरून ढग पायी पायी येताना दिसायचे. एक दिवस पोळी तव्यावर करपली तेव्हा मनात आलं, एवढ्या मुलखावर कोसळत आलेलं आभाळ, ते काय माझ्या पोरीचा पत्ता विचारत येतं? त्या दिवसापासून माझ्या मनातलं ते 'न जाणो, खरं असेल' गेलं ते गेलंच.

दिवस कळला, पण वेळ कशी कळावी? तीही रेडिओनेच शिकवली. दूर वीज चमकली की गाण्यात खर्र होतं. खर्रखर्र दाट झाली की ढग जवळ आले समजायचं. मी रेडिओ शेतात न्यायला लागले. बाया हसायच्या. "हवामानवाली आली वं!"

आणि पहिल्याच वेळी मी तोंडावर आपटले. रेडिओ खरखरला, मी ओरडले, टोळी काम टाकून घरी पळाली, आणि संध्याकाळपर्यंत थेंब नाही. शेतमालक संतापला. माझी खरखर शेजारच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरच्या मोटारीची निघाली! मोटार सुरू झाली की रेडिओ ओरडायचा. गावाला महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. पण हसण्याने काही मी मागे हटणारी नव्हते. मोटारीची खरखर एकसारखी असते, विजेची तुटक, हे मी कान देऊन देऊन शिकले. पुढे काही वेळा चुकले, पुष्कळदा बरोबर आले. बाया हसत हसत ऐकू लागल्या.

मुलगी निंदणाला यायच्या वयाची झाली तोवर ऐंशीचं साल मागे पडलं होतं. तिचा टोळीतला पहिलाच दिवस, रविवार. आदल्या दिवशी रायपूरकडे धो धो झाला होता. दुपारी रेडिओ तुटक तुटक खरखरू लागला. गावातली लाईट गेलेली, म्हणजे मोटारीचा प्रश्नच नव्हता. वर ऊन होतं.

"निंगा," मी म्हटलं.

"काऊन वं, आभाळ तं साफ हाय," मावशी म्हणाली.

"येऊन राह्यलं. शाळेत चाला. मले मंग हसजा."

मी पोरीचा हात धरून चालायला लागले. मागून मावशी निघाली, आणि मग सगळ्या. गावाच्या कडेच्या, रविवारच्या रिकाम्या शाळेच्या खोलीत शेवटची बाई शिरली तोच पूर्वेकडून काळोख आला. वारा, धूळ, आणि मग अशी कडाडली की खिडक्यांची तावदानं थरारली. शेताकडच्या बाजूला लख्ख उजेड पडला. बाया एकमेकींना बिलगल्या. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात मावशी माझ्या पोरीकडे पाहून म्हणाली, "बाई, तू जराशी दाराकडं बस ना वं."

पोरगी उठलीही. मुकाट्याने, जणू तिला हे आधीपासूनच माहीत होतं. सारं आभाळ मी ओळखायला शिकले होते, आणि ही चार भिंतींची खोली होती तशीच होती.

मी तिला ओढून खोलीच्या मधोमध बसवलं आणि शेजारी बसले.

"मीबी पायाळू, हेबी पायाळू," मी म्हटलं. "तुमाले इथं कोनं आनलं? ज्या बाईले भेव वाटते तिनं सोता दाराकडं जावं. आमी नाई हालत."

पाऊस पत्र्यावर आदळत होता. मावशी माझ्याकडे पाहत राहिली. मग ती जागची उठली, आणि मला वाटलं ही दाराकडे जाते. ती आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून धपकन बसली. भीतीने ती लटलट कापत होती, ते मला माझ्या पाठीत कळत होतं. तिच्यामागून दुसरी सरकली, मग तिसरी. पुन्हा वीज कडाडली तेव्हा कुणीतरी माझ्या पोरीचं डोकं आपल्या पदराखाली घेतलं.

विजेच्या वेळी माणसाचं अंग एवढं उबदार लागतं, हे तोवर मला माहीतच नव्हतं.