कंपनीची फाइल आणि माझी

मी भिडस्त नव्हते, आजही नाही. नव्वदीच्या अखेरीला बारामतीत आमच्या घरचा कॉम्प्युटर क्लास होता. तो काढला माझ्या चुलत सासऱ्यांनी. त्यांना सगळे तात्या म्हणत. घरात त्यांच्यापुढं कुणी ब्र काढत नसे. मी काढायचे, आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

इंदापूरला दुसरी शाखा निघायची होती आणि ती चालवायला मला हवी होती. मला म्हणजे मलाच. पण मला सहावा महिना लागला होता. बाई बाळंतपणाला माहेरी गेली की मशीनकडं बघणार कोण, असं तात्यांनी माझ्या नवऱ्याला ऐकवलं. मला नाही, नवऱ्याला! असा संताप आला म्हणून सांगू.

क्लासातली मशीनं लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायची. त्याची छपाई अमेरिकी मापाच्या कागदावर बेतलेली, आणि आपला कागद ए-फोर. तात्यांनी मशीनमधल्या यूएसआर नावाच्या कप्प्यातली, लिनक्सची सीडी काढणाऱ्या कंपनीची छपाईची मूळ फाइल उघडली आणि तिच्यातच खाडाखोड केली. मी सांगत होते, तिला हात लावू नका. आपला बदल ईटीसी नावाच्या कप्प्यात, वेगळ्या फाइलीत लिहायचा. मशीन आधी कंपनीचं वाचतं, मग आपलं, आणि शब्द आपलाच चालतो. तात्यांना पटेना. एका कामाला दोन फाइली म्हणजे त्यांच्या मते नुसता पसारा.

मग मी त्यांना जेवतानाच गाठलं. आमच्याकडं खाणारी तोंडं रग्गड, म्हणून कालवण सगळ्यांचं एकच, बेताच्या तिखटाचं. ज्याला झणझणीत हवं त्यानं आपल्या ताटात ठेचा घ्यायचा. सगळ्यात जास्त तात्याच घ्यायचे. मी विचारलं, तुमच्यासाठी ठेचा पातेल्यातच कालवला तर पोरांनी काय खायचं? तात्या हसले, आणखी एक भाकरी मागितली. फाइलीचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

पुढं पुण्याहून लिनक्सची नवी सीडी आली. तात्यांनी ती बारामतीच्या मशीनवर चढवली. सीडीनं मूळ फाइलीच्या जागी नवी कोरी फाइल आणून ठेवली आणि त्यांची सगळी खाडाखोड पुसली गेली. प्रमाणपत्रांवरच्या ओळींची टोकं कापली जायला लागली, आणि आपण नेमकं काय काय बदललं होतं ते तात्यांना आठवेना. अशा वेळी वाईट वाटलं म्हणायची रीत आहे. खरं सांगते, मला बरं वाटलं.

इंदापूरची शाखा कुणी चालवायची ते ठरलं नव्हतं, पण तिथलं मशीन लावायचं काम माझ्याकडंच आलं होतं, आणि मी ते माझ्या पद्धतीनं लावून ठेवलं होतं. तात्या तीच सीडी घेऊन तिथं आले आणि चढव म्हणाले. मी बिनघोर चढवली, पान छापलं. एकही अक्षर कापलं नव्हतं. तात्यांनी पान उलटसुलट करून बघितलं आणि मग मनातलं बोलले.

"आन तू नसल्यावर?"

मी त्यांच्यादेखत माझी फाइल ईटीसीतून बाजूला काढली आणि पुन्हा छापलं. अमेरिकी मापाचं, कड खाल्लेलं, पण पान निघालं.

"माझ्या मागं कुणी माझ्या फाइलीचं वाटोळं केलं, तर ती अशी काढून टाकायची," मी म्हटलं. "कंपनीचं हाय तेवढ्यावर चालतंय. क्लास बंद पडत न्हाय."

बोलून झालं आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आपल्यावाचून काही अडत नाही हे मीच त्यांना दाखवून बसले होते.

तात्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. कड खाल्लेल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "एवढ्यावर किती दिवस काढायचं? ती फाइल ठेव माघारी जागेवर. आन बाळंतपण झालं की तूबी ये."